वत्सलाबाईंनी निवडलेला कोच

धोंडीराम पाळदे गेले ते एका गुरुवारी, आणि त्यांचा हॉकी संघ त्याच रविवारी पाच-शून्यनं हरला. पोरांनी दंडाला काळ्या फिती लावल्या होत्या. बघ्यांत कुणीतरी म्हणालं, मनावर आघात झालाय बिचाऱ्यांच्या. पण संघ त्याच्या आधीच्या रविवारीही पाच-शून्यनंच हरला होता, आणि तेव्हा धोंडीराम धडधाकट होते, कुंपणाशी उभे राहून ओरडत होते. त्यामुळे आघात नेमका किती, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

क्लबचं नाव प्रभात. नाशिकरोडला जेलरोडच्या मागच्या अंगाला मुरमाचं मैदान होतं, तिथे धोंडीरामांनी बाहत्तर साली तो काढला. सुरुवातीच्या वर्षांत संघानं जिल्ह्याचा चषक दोनदा जिंकला. ते दोन्ही चषक धोंडीरामांच्या पिठाच्या गिरणीत चक्कीच्या वरच्या फळीवर ठेवलेले असत. वर्षानुवर्षं पीठ बसून ते असे पांढरे झाले होते की नवीन गिऱ्हाइकाला ते चिनी मातीचे वाटत. पुढे जुने खेळाडू नोकऱ्यांना लागले, पोटं सुटली. नवीन आले ते आले तसेच राहिले, आणि नव्वद सालापासून प्रभातनं जिल्हा लीगमधला शेवटचा नंबर दुसऱ्या कुणाला घेऊ दिला नाही.

धोंडीरामांचं दिवसपाणी झाल्यावर कमिटीनं त्यांच्या बायकोला, वत्सलाबाईंना, अध्यक्ष केलं. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. अध्यक्षाच्या खुर्चीवर दोघांचा डोळा होता, आणि त्या दोघांपैकी कुणीच बसू नये यासाठी तिसऱ्या कुणाला तरी बसवणं सोयीचं होतं. वहिनी येतील, हार घालून घेतील, दोन शब्द बोलायला सांगितले तर बोलणार नाहीत, असा सगळ्यांचा अंदाज होता.

वत्सलाबाई तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांच्या. माहेर दिंडोरीचं, द्राक्षाच्या मळ्यातलं. लग्न होऊन आल्यावर काही वर्षांतच त्यांच्या ध्यानात आलं की नवरा गिरणी चालवतो ती पोटासाठी, बाकी तो जगतो रविवारसाठी. क्लब निघाल्यापासून संघाचे शर्ट त्यांनीच धुतले, त्यांनीच वाळत घातले. मात्र एकही सामना पुरा पाहिला नव्हता. रविवारी गिरणीवर गर्दी, आणि घरचं एक माणूस मैदानावर गेलं की दुसऱ्याला चक्कीपाशी थांबावं लागे.

पहिली बैठक मैदानाशेजारच्या समाजमंदिरात झाली. संघाला चांगलं नेतृत्व हवं यावर सगळ्यांचं एकमत होतं, आणि तसं म्हणताना प्रत्येकजण किंचित ताठ बसत होता. वत्सलाबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, कोच कोण आहे. तेव्हा निघालं की कोच असा नाहीच. धोंडीराम कुंपणाशी उभे राहून ओरडायचे, तेच कोचिंग. कॅप्टन किशोर, त्यांचा मुलगा. तो कॅप्टन का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. बापाचा क्लब, बापाचीच स्टिक, उंचापुरा पोरगा, सेंटर फॉरवर्डला खेळायचा. विचारण्यासारखं त्यात काही दिसत नव्हतं.

वत्सलाबाई म्हणाल्या, मग कोच बघा. हे सगळ्यांनी लगेच उचलून धरलं, कारण प्रत्येकाच्या ओळखीत एक कोच होता.

त्यानंतर त्या दर रविवारी मैदानावर जाऊ लागल्या. गिरणीवर रविवारपुरता एक माणूस ठेवला. समाजमंदिरातली लोखंडी खुर्ची मध्यरेषेपाशी आणून तिच्यात बसायच्या. खेळ त्यांना फारसा कळत नव्हता. ऑफसाइड त्यांना तिघांनी तीन वेळा समजावून सांगितला, एकानं तर वाटीतले शेंगदाणे मांडून. त्या मान हलवायच्या आणि पुढच्या सामन्यात पुन्हा विचारायच्या, शिट्टी का वाजली. पुढे चार-पाच वर्षांनी तो नियमच खेळातून काढून टाकला, तेव्हा त्या म्हणाल्या की आपल्यासारख्या बऱ्याच जणांना तो कळला नसावा.

एक गोष्ट मात्र खुर्चीतून सरळ दिसत होती. संघावर गोल बसला की किशोर कमरेवर हात ठेवून वळायचा आणि मागे बघायचा. आधी हाफबॅककडे, मग फुलबॅककडे, मग गोलकीपरकडे. त्याचं बघून झालं की तेही एकमेकांकडे बघायचे. हे सगळं उरकेपर्यंत खेळ सुरू होऊन बराच वेळ गेलेला असायचा.

कोचपदासाठी वत्सलाबाईंच्या घरी पहिले आले सुभेदार रणपिसे, देवळाली कॅम्पला राहणारे, सैन्यातून निवृत्त. कमिटीतल्या बहुतेकांना तेच पसंत होते. त्यांनी पोरांना पाहिलं आणि सांगितलं की केस फार वाढलेत. संघ का हरतो असं वत्सलाबाईंनी विचारलं, तर म्हणाले, शिस्त नाही. कॅप्टनबद्दल विचारलं, तर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले की मुलगा कसा वडिलांवर गेलाय, त्याला हलवायचं कारण नाही.

दुसरे आले दीपक कोठुळे. ते कॉलेजात खेळ शिकवायचे. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्या पाठीमागे मैदान आखलं आणि बाण काढले. बाणांचा संघ दर वेळी गोल करत होता. वत्सलाबाईंना ते आवडलं. कॅप्टनबद्दल विचारल्यावर कोठुळे म्हणाले, किशोरमध्ये उपजत नेतृत्व आहे. किशोर तेव्हा आत जेवत होता आणि कोठुळ्यांनी त्याला अजून पाहिलेलं नव्हतं.

दोघंही गेल्यावर सावळीराम मागे थांबला. हा क्लबचा खजिनदार. बॉल, जाळ्या, गोलकीपरचे पॅड हे सगळं त्याच्याच घरी असायचं, आणि बैठकीत तो सहसा बोलत नसे. तो म्हणाला की अजून एक माणूस आहे, पण कमिटीला चालणार नाही. यादव भोये. सिन्नर फाट्याच्या संघाला दोन वर्षं शिकवत होता, मागच्या महिन्यात त्यांनी काढून टाकला.

“का काढला?” वत्सलाबाईंनी विचारलं.

सावळीरामला ते ठाऊक नव्हतं. वत्सलाबाई म्हणाल्या, मग ज्यांनी काढला त्यांनाच विचारू.

सिन्नर फाट्याच्या क्लबचे अध्यक्ष खंडेराव ताजनपुरे. त्यांचं वाळू-सिमेंटचं दुकान होतं. ते धोंडीरामांच्या दहाव्याला येऊन गेले होते, त्यामुळे वत्सलाबाईंना त्यांच्या घरी जाणं अवघड नव्हतं. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी भोयेचा विषय काढला. ताजनपुऱ्यांनी हातातली सुपारी तशीच धरून ठेवली.

“हुशार आहे, नाही म्हणत नाही. आम्हाला दुसऱ्या नंबरवर आणलं त्यानं. पण माणूस चमत्कारिक आहे वहिनी. कुणाचं ऐकत नाही. सत्काराला बोलावलं तर ड्यूटी आहे म्हणाला. आणि माझ्या पुतण्याला अख्खा सीझन बाहेर बसवला. वहिनीला, म्हणजे त्याच्या आईला, मी तोंड काय दाखवायचं?”

“पुतण्या खेळतो कसा?”

ताजनपुऱ्यांनी सुपारी तोंडात टाकली. “खेळतो कसा म्हणजे,” ते म्हणाले, “घरचाच आहे.”

वत्सलाबाईंनी चहा संपवला, कुंकू लावायला आलेल्या सूनबाईंना हातानंच नको म्हटलं आणि तिथूनच रिक्षा करून भोयेच्या घरी गेल्या.

यादव भोये मूळ पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. शाळेसाठी लहानपणी नाशिकच्या वसतिगृहात आला. तिथल्या आवारात दुसरा कुठला खेळ नव्हता म्हणून हॉकी शिकला, आणि पोस्टात टपालाची वर्गवारी करायच्या कामाला लागला. गोरेवाडीला दोन खोल्यांत राहायचा. वत्सलाबाई गेल्या तेव्हा त्याची बायको चिमणाबाई दारात खाटेवर नागलीचे पापड वाळत घालत होती. यादव आतून आला. चाळिशी ओलांडलेला, बारीक अंगाचा. कुठल्याही प्रश्नाला उत्तर द्यायच्या आधी तो इतका वेळ थांबायचा की समोरच्याला वाटावं, ऐकू आलं नाही.

वत्सलाबाईंनी सांगितलं की संघ शेवटचा आहे आणि त्याला कोच हवा आहे. यादव म्हणाला की संघ त्यानं पाहिलाय. मग पुन्हा थांबला.

“येईन बाई. पण आत कोण, बाहेर कोण, ते मी ठरवणार. तुम्ही विचारायचं नाही.”

“नाही विचारणार.”

“किशोरचंही नाही.”

“तो माझा मुलगा आहे,” वत्सलाबाई म्हणाल्या.

“म्हणून तर आधी बोललो.”

चिमणाबाई पापड उलटायची थांबली होती. वत्सलाबाईंना तिच्याकडे बघून का कोण जाणे संकोच वाटला. रणपिसे नि कोठुळ्यांनी अशी अट घातली नव्हती, आणि ती कुणीतरी घालावी म्हणूनच आपण इथवर आलो, हे त्यांना कळत होतं. तरी शब्द द्यायला वेळ लागला. शेवटी त्यांनी दिला. येताना चिमणाबाईनं कागदात गुंडाळून पापड दिले.

कमिटीनं भोयेला मान्यता दिली ती एका सीझनपुरती, आणि ती देताना दोघांनी खिडकीबाहेर बघितलं. यादवनं पहिले काही आठवडे काहीच केलं नाही. सराव चालू असताना तो मैदान दाबायच्या रोलरवर बसून राहायचा. मध्येच उठून कुणाला तरी विचारायचा, तू याच जागेवर का खेळतोस. बहुतेकांचं उत्तर एकच होतं, पहिल्यापासून इथेच खेळतो. गणपती झाले, नवरात्र आलं. लीग सुरू व्हायच्या आदल्या सरावाला त्यानं संघ वाचून दाखवला. त्यात किशोरचं नाव शेवटी, राखीव खेळाडूंत होतं. कॅप्टन ललित निकम.

ललित डाव्या हाफला खेळायचा आणि सातपूरला एका कारखान्यात फिटर होता. बोलताना अडखळायचा. तो कॅप्टन झाल्याचं ऐकून सगळ्यात जास्त धक्का त्यालाच बसला, आणि नको म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण शब्द बाहेर यायच्या आत यादव पुढच्या विषयावर गेला होता. तेव्हापासून किशोर मध्यंतरात करायचा ती भाषणं बंद झाली. पोरांना पहिल्यांदाच निवांत पाणी प्यायला मिळालं.

सावळीरामनं एकदा यादवला विचारलं की ललितच का. यादव म्हणाला, गोल बसला की तो मागे बघत नाही, बॉल घेऊन मध्यावर जातो.

संघ वाचून दाखवला त्या दिवशी घरी किशोर ताटावर बसला पण जेवला नाही. भाकरीचे तुकडे करत राहिला. वत्सलाबाईंनी वाढलं, पुन्हा वाढायला गेल्या, मग भांडं घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

“तू त्याला सांगू शकतेस,” किशोर म्हणाला.

“सांगू शकते.”

“मग?”

“सांगणार नाही.”

किशोरनं आईकडे पाहिलं. धोंडीराम असते तर असं झालं नसतं, हे तो बोलला नाही, पण वत्सलाबाईंना ते ऐकू आल्यासारखं झालं, आणि ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी किशोर पिशवी भरून दिंडोरीला मामाकडे निघून गेला. द्राक्षाच्या छाटणीचे दिवस होते, मामाला माणसं हवीच होती. गिरणीवर दिवाळीची गर्दी सुरू झाली होती. भाजणीचे, हरभऱ्याच्या डाळीचे डबे दारापर्यंत लागले होते. वत्सलाबाई एकट्या चक्कीवर उभ्या राहिल्या. बायका विचारायच्या, किशोर दिसत नाही. त्या सांगायच्या, मामाकडे गेलाय छाटणीला. बायका म्हणायच्या, बरं झालं, थोडा बदल.

संघ पहिले चारही सामने हरला. मोठ्या फरकानं सुरुवात झाली आणि चौथा एका गोलनं गेला, पण हार ती हार, फरक कोण बघतो. कमिटीत कुजबुज सुरू झाली. भोयेला काढावं अशा मागणीच्या कागदावर सह्या झाल्या आणि समाजमंदिरात बैठक बोलावली गेली. बोलणाऱ्यांचा सूर आदराचाच होता. त्यांचं म्हणणं एवढंच की या माणसानं संस्थापकाच्या मुलाला बाहेर बसवलं, त्याला घर सोडायला लावलं, आणि वहिनींना या वयात गिरणीवर राबावं लागतंय. म्हणजे जे काही करायचं ते वहिनींसाठीच करायचं होतं.

वत्सलाबाई भिंतीकडे बघत होत्या. तिथे धोंडीरामांचा फोटो लावलेला होता, हार अजून नवा होता. त्या दिवाळीत त्यांनी एकही करंजी केली नव्हती, आणि घरी गेल्यावर दोन ताटं घ्यायची की एक, हे रोज त्यांच्या हाताला नव्यानं आठवावं लागत होतं. कमिटीतल्या लोकांचं बोलणं त्यांना मनापासून पटत होतं. अडचण तीच होती.

“किशोरला बसवेल हे मला ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच याला आणला. आता त्याच कारणासाठी काढायचा असेल, तर आधी मला काढा.”

 फोटोवरचा हार ताजा असताना संस्थापकाच्या बायकोला काढायचं कसं, हा प्रश्न कुणाच्या तयारीत नव्हता. सावळीराम म्हणाला, चहा आलाय. सगळे चहा प्यायले आणि बैठक संपली.

पाचवा सामना बरोबरीत सुटला. सहावा प्रभातनं जिंकला, तोही ज्या संघाचे तीन खेळाडू लग्नाला गेले होते त्याच्याविरुद्ध. तरी पोरांनी ललितला खांद्यावर घेतलं, आणि ललित तिथून काहीतरी सांगायचा प्रयत्न करत राहिला. नंतर समजलं की त्याच्या पायात गोळा आला होता, त्याला खाली उतरवायला हवं होतं.

किशोर परत आला ते थंडी पडल्यावर. घरी न जाता आधी मैदानावर आला आणि कुंपणाबाहेर, रस्त्याच्या बाजूला उभा राहिला. वत्सलाबाईंना तो खुर्चीतून दिसला. त्या उठल्या नाहीत. उठलो तर तो निघून जाईल अशी भीती त्यांना वाटली, आणि सामन्यातलं पुढचं काहीच त्यांना दिसलं नाही. यादव मात्र रोलरवरून उठून कुंपणापाशी गेला.

“बूट आणलेत?” त्यानं विचारलं.

किशोर नाही म्हणाला.

“पुढच्या रविवारी आण. मागे खेळशील का? फुलबॅकला.”

किशोरनं रविवारी बूट आणले. आणि फुलबॅकला तो चांगला खेळला, हे ज्यांना तो आवडत नसे त्यांनीही कबूल केलं. उंचीचा, लांब हाताचा उपयोग तिथे जास्त होता. शिवाय गोल बसल्यावर मागे बघायला आता फक्त गोलकीपर उरला होता, आणि गोलकीपर हेल्मेट घालून असायचा, त्याचा चेहरा दिसत नसे. किशोरची ती सवय हळूहळू गेली. कॅप्टन तो पुन्हा कधी झाला नाही. घरी तो आईशी पूर्ववत बोलू लागला, फक्त हॉकीबद्दल बोलायचं टाळू लागला. पुढे त्याचं स्नेहलशी लग्न झालं, आणि तिला पहिलं वर्षभर असं वाटत होतं की या घरात हॉकी कुणालाच आवडत नाही.

त्या सीझनला प्रभात शेवटून तिसरा आला. त्याच्या पुढच्या वर्षी मधोमध. सत्त्याण्णवला दुसरा, आणि नव्व्याण्णवला जिल्ह्याचा चषक जिंकला. तो फळीवर ठेवायला जागा करावी म्हणून वत्सलाबाईंनी जुने दोन खाली काढून पुसले. सत्काराला यादव आला नाही. ड्यूटी होती.

यादवला निवडणं अवघड गेलं असं लोक नंतर म्हणायचे. वत्सलाबाईंना जास्त अवघड गेलं ते त्याला थांबवणं. नव्या शतकात खेळ बदलला. कृत्रिम गवतावर खेळून आलेली पोरं पळायची जास्त, बॉल जवळ ठेवायची कमी. यादव मात्र त्याच पद्धतीनं शिकवत राहिला. ललित पस्तिशीच्या पुढे गेला, त्याचे गुडघे वाजत, तरी कॅप्टन तोच. दोन हजार दोनला संघ चौथा, तीनला सातवा, चारला पुन्हा तळाला. आणि ज्या कमिटीला एकेकाळी यादव नको होता, तीच आता त्याच्याबद्दल चकार शब्द ऐकून घेईना. क्लबच्या कॅलेंडरवर त्याचा फोटो छापला होता. भोये सरांना कोण सांगणार, असं म्हणून सगळे वत्सलाबाईंकडे बघायचे.

त्या पुन्हा गोरेवाडीला गेल्या. या वेळी चिमणाबाईनं आत बोलावून पाट दिला. यादवचे केस पिकले होते. त्यानं नेहमीसारखं थांबून विचारलं, काय काम काढलंत.

“आत कोण, बाहेर कोण, ते विचारणार नाही असं मी बोलले होते,” वत्सलाबाई म्हणाल्या. “आजही विचारायला आले नाही. सांगायला आले. भाऊ, आता तुम्ही बाहेर बसा.”

यादव इतका वेळ थांबला की स्टोव्हवर ठेवलेला चहा उतू गेला आणि चिमणाबाईला उठावं लागलं. मग तो म्हणाला, “बरं.” तेवढंच. चहा त्यानं घेतला नाही. त्यानंतर कितीतरी महिने तो मैदानाकडे फिरकला नाही, आणि बाजारात वत्सलाबाई दिसल्या तर दुसऱ्या बाजूनं जायचा. त्या घरी सांगायच्या की त्याचं बरोबर आहे, आणि भाजी निवडता निवडता मध्येच थांबायच्या.

नवीन कोच निवडायला कमिटी बसली तेव्हा फार वेळ लागला नाही. किशोरचं नाव एकानं सुचवलं, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं. का, तर संस्थापकाचा मुलगा. हात वर करायला सांगितलं तेव्हा सगळ्यांचे हात वर गेले, वत्सलाबाईंचा सोडून. विरोधात कोण, असं केवळ रीत म्हणून विचारलं गेलं. वत्सलाबाईंनी हात वर केला. किशोर समोरच बसला होता.

त्याची निवड झाली. त्याच बैठकीत वत्सलाबाईंनी अध्यक्षपद सोडलं; आई अध्यक्ष आणि मुलगा कोच हे बरं दिसत नाही, एवढंच कारण दिलं. सावळीरामला अध्यक्ष केलं. तो नको नको म्हणत होता, पण पॅड आणि जाळ्या आधीच त्याच्या घरी होत्या.

किशोरच्या हाताखाली संघ पहिले दोन सामने हरला. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी तो गिरणीत चक्कीचे दगड टाकीनं खडबडीत करत बसला होता, वत्सलाबाई शेजारी डाळ चाळत होत्या. बराच वेळ टाकीचा टकटक आवाज येत राहिला. मग तो थांबला.

“आई, तू विरोधात हात का वर केलास?”

वत्सलाबाईंनी चाळण खाली ठेवली. “तुझी भीती नव्हती रे. माझी होती. भोये हरायचा तेव्हा मी गप्प बसले. तू हरलास तर मला गप्प बसता आलं नसतं.”

“आता दोन हरलो. तू काही बोलली नाहीस.”

“आता मी अध्यक्ष नाही,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा चाळायला लागल्या. नंतर थोड्या वेळानं, खालीच बघत, त्यांनी कबूल केलं की भीती थोडी त्याचीही होती, आणि त्यात आपला अंदाज चुकला असावा. किशोर कोच झाल्यापासून सरावाला येणाऱ्या पोरांची संख्या वाढली होती, हे त्यांनी पाहिलं होतं. किशोरनं ललितला स्वतः घरी जाऊन कॅप्टनपद सोडायला सांगितलं होतं, आणि त्याला हाफबॅकच्या पोरांना शिकवायला ठेवून घेतलं होतं, हेही.

किशोरनं टाकी उचलली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

त्या वर्षी संघ पाचवा आला, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा. यादव एका रविवारी अचानक मैदानावर आला, कुणाशी न बोलता रोलरवर बसला, आणि तेव्हापासून दर रविवारी यायला लागला. किशोर मध्यंतरात त्याच्यापाशी जाऊन उभा राहायचा. त्या दोघांत काय बोलणं व्हायचं ते कुणाला कळलं नाही. लांबून तर कुणीच बोलत नसल्यासारखं दिसायचं.

गुडघे धरल्यावर वत्सलाबाईंचं मैदानावर जाणं बंद झालं. रविवारी दुपारी किशोर घरी आला की स्नेहल विचारायची, किती-किती. वत्सलाबाईंनी ते कधी विचारलं नाही. आज बाहेर कोण बसलं होतं, एवढंच त्या विचारायच्या. नाव कळलं की ते कुणाचं पोरगं, कुठे राहतं, घरी कोण कोण असतं, याची चौकशी करायच्या. आणि दळणाला त्याची आई आली, तर तिचा डबा रांगेतून उचलून आधी दळायला लावायच्या.